जास्वंदाच्या छापाचा साबण

लिंबे, ६ मार्च २०११

ताई,

फोनवर तुझ्याशी काही बोलणंच होत नाही. आई माझ्या हातातून फोन ओढून घेते, "जेवलीस का, जेवलीस का" असं ओरडते, तू "जेवले" म्हणतेस आणि तेवढ्यात पैसे संपतात. म्हणून हे पत्र. यापुढे असंच लिहिणार आहे, कारण आपल्याला फुकटचा टपालवाला मिळाला आहे. त्याचं नाव फेनेलॉन, ट्रक चालवतो. तो तुमच्या पुएर्तो प्लाताच्या हॉटेलांतून पोती भरून आणतो, सरहद्दीवर पोलिसांशी तासभर भांडतो आणि आमच्याकडे उतरवतो. पोत्यांत काय असतं ते ऐकून हसशील. पाहुण्यांनी वापरून टाकलेला साबण!

हसून झालं असेल तर पुढचं ऐक. मला नोकरी लागली. माझा नवरा ब्राझीलला गेला तो तिकडचाच झाला, त्यानंतर मी कोळसा विकून काय दिवस काढले ते तुला ठाऊक आहे. आता माझी नखं पांढरी झाली आहेत. आई रोज माझे हात उलटेसुलटे करून बघते, जणू दुसऱ्या कोणाचे आहेत.

मादाम इमाकुला म्हणून एक बाई आहेत, पूर्वी ओकाप शहरातल्या दवाखान्यात नर्स होत्या. तिकडच्या चर्चच्या ओळखीनं त्यांनी हॉटेलवाल्यांना गळ घातली आणि इथे जुन्या कॉफीच्या गोदामात काम सुरू केलं. सगळ्या बायकाच आहोत, आणि सगळ्या अशा की ज्यांना दुसऱ्या कोणी दारातसुद्धा उभं केलं नसतं. माझ्या शेजारी गेर्दा बसते. भूकंपात भिंत पडून तिचा एक पाय गेला आणि राजधानीतून ती परत गावी आली. तिची जीभ मात्र दोन माणसांची आहे. वड्यांचा वरचा थर सुरीनं खरवडायचा, केस काढायचे, औषधाच्या पाण्यात बुडवायच्या, किसायच्या, गरम करून मळायच्या आणि साच्यात दाबायच्या, असं काम. काल एका वडीला लांब सोनेरी केस चिकटला होता. गेर्दा म्हणाली, "ही तर माझी हरवलेली जाऊ!" मादामसुद्धा हसल्या.

साबण नदीकाठच्या वाड्यांना द्यायचा. तिथे कॉलरानं घराघरातलं माणूस नेलं आहे. नुसते हात धुतले असते तर वाचली असती अशी माणसं, असं मादाम म्हणतात.

नाताळला ये. आई विचारते तेव्हा मी तिला काय सांगू ते तूच सांग.

तुझी
आनेलिया

•

पुएर्तो प्लाता, २० मार्च २०११

आनी,

फेनेलॉननं तुझं पत्र दिलं तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावर पलंगाच्या चादरी ओढत होते. तुझं अक्षर बघून चादर टाकली आणि मुकादमबाईसमोरच पलंगावर बसून वाचायला लागले. तिला वाटलं घरी कोणी गेलं. मी म्हटलं, नाही बाई, माझ्या धाकट्या बहिणीला नोकरी लागली.

आणि तुमची ती पोती कोण भरतं असं वाटतं तुला? मीच. आमच्या हॉटेलाचा साबणही त्याच ट्रकमध्ये जातो. न्हाणीघरातली वडी टोपलीत, टोपली पोत्यात. पूर्वी आम्ही बायका एखादा तुकडा खिशात टाकून घरी न्यायचो, कोणी बघत नसे. आता चर्चला द्यायचा म्हणून टोपल्यांवर नजर असते आणि तुकडा सापडला तर चोरी होते. तेव्हा तुझ्या नखांचा पांढरेपणा आमच्या जिवावर आहे हे ध्यानात ठेव! मी माझ्या खोलीवर कपडे धुण्याच्या निळ्या साबणानं अंग धुते. अंगाला खाज सुटते, पण मळ जातो.

हे आईला सांगू नकोस. तिला वाटतं मी हॉटेलातच राहते, पांढऱ्या टाइल्सच्या न्हाणीघरात आंघोळ करते. वाटू दे. खोलीला खिडकी नाही हे ऐकून तिला झोप लागायची नाही.

खरवडताना सुरी आपल्यापासून दूर धर. लहानपणी रताळी सोलताना किती वेळा कापून घेतलं होतंस.

नाताळला येते. मुकादमबाईच्या कानावर घातलं आहे. आईला सांग, येते म्हणून.

मिर्लांद

•

लिंबे, १२ जून २०११

ताई,

या खेपेला रडगाणं गाणार होते, पण शेवट गोड झाला, म्हणून सगळं सांगते.

आमचा साबण कोणी घेईना. फुकट देत होतो तरी घेईना! आधी आमच्या वड्या दिसायच्या मळलेल्या कणकेच्या गोळ्यांसारख्या, करड्या, कुठे हिरवी रेघ, कुठे गुलाबी. त्यात कोणीतरी वाडीभर सांगून ठेवलं की हा गोऱ्यांच्या बगलेतला साबण आहे. वरच्या वाडीत एका म्हाताऱ्यानं वडी घेतली, हुंगली आणि माझ्यादेखत बकरीपुढे टाकली. बकरीनंही तोंड फिरवलं. गेर्दा म्हणाली, "बघ, बकरीलासुद्धा मान आहे, आपल्यालाच नाही." असंच चाललं असतं तर गोदामाला कुलूप लागलं असतं आणि मी पुन्हा कोळशाच्या पोत्यावर.

मग मला सुचलं. बाबांच्या सुतारकामाच्या पेटीतून मी बारकी छिन्नी काढली आणि महोगनीच्या तुकड्यावर जास्वंदाचं फूल कोरलं. पाच पाकळ्या आणि मधला तुरा. तुरा दोनदा तुटला, तिसऱ्यांदा जमला. आता रंग बघून वड्या वेगळ्या करतो, पांढऱ्यात पांढरी, पिवळ्यात पिवळी, वरून छाप मारतो आणि पातळ कागदात गुंडाळतो. ताई, दुकानातली वडी आणि आमची वडी शेजारी ठेवली तर तू आमचीच उचलशील. मादामनी छाप हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला. मग म्हणाल्या, "आनेलिया, तू आपलं गोदाम वाचवलंस." मला रडूच आलं. मला आजपर्यंत असं कोणी म्हटलं नव्हतं.

आता रांगा लागतात. तोच म्हातारा परवा बायकोसाठी आणखी एक मागत होता!

मला दर शनिवारी घरासाठी एक वडी मिळते. ती मी आईच्या हातात देते आणि ती प्रसाद घ्यावा तशी दोन्ही हातांनी धरते. हल्ली तिला जवळ घेतलं की लिंबाच्या फुलांसारखा वास येतो. मी चिडवते, "कोणासाठी एवढं नटणं चाललंय?" तर म्हणते, "गप्प बस, वाह्यात कुठली!"

तुझी
आनेलिया

•

पुएर्तो प्लाता, ३१ जुलै २०११

आनी,

फेनेलॉननं तुझी एक वडी मला आणून दिली. मी ती चार बायकांना दाखवली आणि विचारलं, कितीला घेतली असेल सांगा. एकीनं अशी किंमत सांगितली की मीच लाजले. मग सांगितलं, अगं हा तुमच्याच टोपल्यांतला साबण आहे, माझ्या बहिणीनं केलेला. कोणी विश्वास ठेवीना. बाबा असते तर ते फूल बघून त्यांनी तुला छिन्नीच बक्षीस दिली असती. आणि वर ओरडलेही असते, पेटीला हात का लावला म्हणून.

फेनेलॉनबरोबर आईसाठी निळं कापड पाठवते आहे. तिला झगा शिवून दे. नाताळला चर्चमध्ये मिसेच्या प्रार्थनेला मी तिच्या शेजारी बसणार आहे, आणि गावातल्या बायका बघायला येतील तेव्हा ती चांगली दिसली पाहिजे. थोडं कागदपत्रांचं काम बाकी आहे, तेवढं झालं की झालं. ते ऑफिस म्हणजे आज या, उद्या या. पण होईल.

एकदा नाही, दोनदा सांग आईला, मी येते म्हणून. ती एकदा सांगून ऐकत नाही.

मिर्लांद

•

लिंबे, १६ ऑक्टोबर २०११

ताई,

दोनदा नाही, वीस वेळा सांगितलं. त्याचा परिणाम ऐक. आईनं समोरची भिंत चुन्यानं रंगवून घेतली. कोंबडी पाळली आहे, तिचं नाव "मिर्लांदची" असंच ठेवलं आहे, तेव्हा ती कशासाठी आहे ते कोंबडी सोडून सगळ्यांना कळतं. तुझ्या पलंगावरची चादर कोणालाही विस्कटू देत नाही. मी परवा दमून येऊन जरा आडवी झाले तर म्हणाली, "ऊठ, ऊठ, सुरकुत्या पडतील!" मला जरा लागलंच ते. मी रोज इथे असते, माझ्यासाठी कोणी भिंत रंगवत नाही. असो. तू आलीस की तुला सगळं सव्याज ऐकवणार आहे.

एक वाईट बातमी. पावसानं नदी फुगली आणि कॉलरा परत आला आहे. आपल्या शेजारच्या मार्सिलियाला काल झाला. तिचा मुलगा बाहेरगावी, घरात कोणी नाही, म्हणून आईनंच तिला धुतलं, पुसलं, बादल्या उचलल्या आणि तिला दाराच्या फळीवर घालून उपचाराच्या तंबूत नेईपर्यंत सोबत राहिली. मला सांगितलं असतं तर मी गेले असते, पण मी गोदामात होते. मार्सिलियाला सलाइन लावलं आहे, वाचेल म्हणतात.

तू घाबरू नकोस. आईला मी बजावलं आहे, हात धू, हात धू. ती म्हणते, "धुतले गं बाई, किती वेळा धुऊ?" आणि आपल्या घरात साबणाला तोटा नाही.

फेनेलॉनभाऊ हॉर्न वाजवतो आहे.

आनेलिया

•

पुएर्तो प्लाता, १३ नोव्हेंबर २०११

आनेलिया,

फोनवर तू रडत होतीस आणि मी ओरडत होते. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. पण जे बोलले असेन ते मी परत घेणार नाही.

मला एकच समजावून सांग. तू साबण करतेस. गावभर वाटत फिरतेस. बाहेरच्या म्हाताऱ्यांच्या हातात नेऊन देतेस. मग माझ्या आईच्या हाताला साबण का नव्हता? तुझी नोकरी कशाची आहे? घरातल्या माणसाचे हात बघायला तुला वेळ नव्हता?

इथे मी दिवसभर परक्यांची न्हाणीघरं घासते. प्रत्येक वडी टोपलीत टाकताना मनात म्हणायचे, ही आईकडे जाते आहे. तुला कळतंय का मी काय म्हणते ते? मी ती पोती तिच्यासाठी भरत होते.

तिला आंघोळ कोणी घातली? केस कोणी विंचरले? तो निळा झगा घातला का? तिला कुठे पुरलं ते नीट लिही, झाडाची, दगडाची खूण लिही. मला यायला मिळालं नाही, निदान एवढं तरी मला कळायला हवं.

मिर्लांद

•

लिंबे, २७ नोव्हेंबर २०११

ताई,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी वाटलं उत्तरच देऊ नये. पण तू विचारलं आहेस, तर ऐक. सगळं ऐक.

मी सकाळी निघाले तेव्हा आई अंगणात मक्याचं पीठ चाळत होती. म्हणाली, पोटात जरा गुडगुडतंय, होईल बरं. मी म्हटलं, पाणी पी आणि पडून राहा. दुपारी मार्सिलियाचा बाहेरगावाहून परत आलेला मुलगा गोदामात धावत आला. मी पोचले तेव्हा आईचे डोळे खोल गेले होते आणि बोटांची कातडी पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली होती. तिला त्याच फळीवर घातलं. तंबूत सलाइन लावायला शीर सापडेना. तरुण डॉक्टर होता, त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता. तो तीन ठिकाणी टोचत राहिला आणि आई मला म्हणत होती, "त्या पोराला सांग, राहू दे, दमला असेल." संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

तिला आंघोळ कोणी घातली नाही. घालू दिली नाही. कॉलऱ्यानं गेलेल्या माणसाला हात लावायचा नाही असा नियम आहे. मी मादामच्या पाया पडले, म्हटलं, रीतीप्रमाणे संत्र्याच्या पानांचं पाणी, नवी वडी, फक्त तोंड आणि हात धुऊ द्या, माझी आई आहे. मादाम स्वतः रडत होत्या, पण त्यांनी मला धरून ठेवलं. दोन माणसांनी तिच्यावर औषधाचं पाणी फवारलं, पिशवीत घातलं आणि नदीपलीकडच्या नव्या दफनभूमीत नेलं. निळा झगा घातला नाही. खूण म्हणशील तर जवळ एक तोडलेलं आंब्याचं खोड आहे, त्याच्या पूर्वेला.

आता तुझा पहिला प्रश्न.

दुसऱ्या दिवशी फवारणीवाले घरी आले. म्हणाले सगळं बाहेर काढा. मी आईची पत्र्याची ट्रंक ओढून अंगणात आणली आणि उघडली. आत तू पाठवलेल्या निळ्या कापडाचा झगा होता, तुझा लहानपणीचा मिसेचा झगा होता, आणि त्यांच्या घड्यांमध्ये साबण होते, ताई. मी दर शनिवारी दिलेली प्रत्येक वडी. एकाही वडीचा कागद फाडलेला नव्हता. म्हणजे तिच्या अंगाला जो वास यायचा तो ट्रंकेतल्या कपड्यांचा होता. तो वास घेऊन मी खूश व्हायचे की आई साबण वापरते. मी स्वतः गोदामातूनच हातपाय धुऊन यायचे, म्हणून हंड्याजवळ वडी नाही हे कधी लक्षातच आलं नाही.

मार्सिलिया आता घरी आली आहे. तिला मी विचारलं. ती म्हणाली, "तिनं एकदा मला ट्रंक उघडून दाखवली होती. मी म्हटलं, अगं एखादी वडी वापर की! तर म्हणाली, माझी मिर्लांद तिकडे हॉटेलात राहते, तिला चांगल्या साबणाची सवय झाली असेल. इथे आली आणि आंघोळीला गावठी साबण दिला तर मनात काय म्हणेल? असा सुंदर साबण हात धुवायला कोण वापरतं?" मार्सिलियाला तिनं उचललं, पुसलं, आणि मग हंड्यातल्या नुसत्या पाण्यानं हात धुतले. "धुतले गं बाई" असं ती मला म्हणाली ते खोटं नव्हतं.

आईच्या हाताला साबण का नव्हता विचारतेस? तुझ्यासाठी ठेवला होता म्हणून नव्हता. आणि तो साबण एवढा सुंदर कोणी केला? मी केला. करडे गोळे होते तेव्हा तिनं ते तुझ्यासाठी जपून ठेवले नसते. धुणं धुवायला तरी वापरले असते, हात तरी बुडाले असते त्यात. छापाची लाकडी ठोकळी मी चुलीत घालायला निघाले होते, गेर्दानं हातातून हिसकावून घेतली आणि मला एक थोबाडीत मारली. मग दोघी जमिनीवर बसून रडलो.

आता तुला काय ओरडायचं आहे ते ओरड. मी ऐकायला इथेच आहे.

आनेलिया

•

पुएर्तो प्लाता, २६ फेब्रुवारी २०१२

आनी,

मधल्या काळात फेनेलॉन किती तरी वेळा येऊन गेला. दर वेळी विचारायचा, पत्र आहे का, आणि मी पोतं त्याच्या अंगावर ढकलून आत निघून जायचे. तुझं पत्र उशीखाली आहे. वाचता येत नाही आणि टाकताही येत नाही.

खोल्या साफ करताना आता माझं काहीतरी बिनसतं. परवा एका पाहुणीनं नवी वडी एकदा ओली करून टाकली होती. मी ती हातात घेऊन उभीच राहिले. मुकादमबाई आली, म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, घसरली. एक जानेवारीला, आपल्या स्वातंत्र्यदिनाला, इथल्या आपल्या लोकांनी भोपळ्याचं सूप केलं, मला बोलावलं. पहिला घोट घेतला आणि उठून बाहेर गेले. आईच्या सुपात लवंग जास्त असायची, आपण किती नावं ठेवायचो.

तू वाईट काही केलं नाहीस, आनी. मी जे लिहिलं ते एका वेडीनं लिहिलं असं समज.

आता मी ठरवलं आहे. ईस्टरला येते. या वेळी अगदी नक्की. कागदांचं होतच आलं आहे. आईची ट्रंक तशीच ठेव, काही हलवू नकोस. माझ्या पलंगावरची चादरही राहू दे. आणि ते साबण कोणाला देऊ नकोस. तिनं माझ्यासाठी ठेवले होते ना? मी आले की त्यांतल्याच एका वडीनं आंघोळ करीन आणि मग दोघी मिळून तिच्याकडे जाऊ. तोपर्यंत जपून ठेव.

येतेच.

मिर्लांद

•

लिंबे, १८ मार्च २०१२

ताई,

तुझं अक्षर बघून फार बरं वाटलं. मला वाटलं होतं आता पत्र यायचंच नाही आणि आई गेली तशी तूही गेलीस.

आधी कामाचं सांगते. मी छाप जाळला नाही, पण वडीवर मारत नाही. मादामना मी म्हटलं, साबण सुंदर असेल तर लोक घेतात, पण वापरत नाहीत. त्यांचा विश्वास बसेना. मग आम्ही दोघी घरोघर गेलो आणि विचारलं, दिलेला साबण दाखवा. काय सांगू! कोणी बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी ठेवलेला, कोणी पाद्रीबाबा जेवायला येतील म्हणून, कोणी मुलीच्या लग्नाच्या पेटीत. एकीनं येशूच्या तसबिरीपुढे ठेवला होता. मादाम रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "अरे देवा, आपण सबंध वाडीला साबण दिला आणि वाडी हात पाण्यानंच धुते आहे."

आता आम्ही अशा जातो. बादली, पाणी आणि सुरी बरोबर. दारात उभं राहून वडीचे दोन तुकडे करायचे, एक तुकडा तिथल्या तिथे ओला करून घरातल्या सगळ्यांचे हात धुऊन घ्यायचे, मगच पुढचं दार. ओली, कापलेली वडी कोणी ट्रंकेत ठेवत नाही. पुढच्या आठवड्यात परत जायचं आणि तुकडा झिजला का ते बघायचं. झिजला नसेल तर गेर्दा असा तोंडाचा पट्टा सोडते की घरातली कोंबडीसुद्धा हात धुवेल.

मागच्या मंगळवारी वरच्या वाडीत एक म्हातारी भेटली. मी सुरी काढली तर तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "अगं अगं, कापू नकोस! माझा मुलगा मायामीहून येणार आहे, त्याच्यासाठी राहू दे."

मी विचारलं, "कधी येणार आजी?"

"येणार. पत्र आलंय ना, येतो म्हणून."

"कधी आलं पत्र?"

तिनं दुसऱ्या हातानं वडी झाकली. मी वडी कापली. ती माझ्यावर चिडली, मला नाही नाही ते बोलली, माझ्या आईवरून शिवी दिली. मी तिचे दोन्ही हात बादलीत घेतले आणि धुतले. बोटांच्या फटी, नखं, मनगटं, सगळं धुतलं. निम्म्यातच ती गप्प झाली, कारण मी रडत होते. मला विचारते, "तुला काय झालं गं पोरी?" मी म्हटलं, काही नाही आजी, साबण डोळ्यात गेला.

आता तुझं.

फेनेलॉनभाऊनं मला सगळं सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस, मीच त्याला घोळात घेतलं. तिकडे राहायच्या तुझ्या कागदांची मुदत कधीच संपली आहे. तू सरहद्दीवरचा पूल ओलांडून इकडे आलीस तर परत तिकडे जाता येणार नाही, आणि तिकडे पोलिसांनी धरलं तर बसमध्ये कोंबून इकडे आणून सोडतील. म्हणून तू बाजारातसुद्धा जपून जातेस. आई गेली तेव्हा तू त्या दाजाबोनच्या पुलापर्यंत आली होतीस आणि दिवसभर उभी राहून परत गेलीस, हेही त्यानं सांगितलं. ताई, मला का नाही लिहिलंस? मी मनात तुला काय काय बोलले! वाटायचं, हिला हॉटेलातली हवा लागली, हिला आपण नकोत.

मी तुला ये म्हणत नाही. तुझी नोकरी गेली तर इथे तुला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, सुरी आणि साबणाचं पोतं सोडून. जमेल तेव्हा, कागद होतील तेव्हा, नाहीतर म्हातारपणी ये. सरळ दारात येऊन उभी राहा, मी ओळखीन.

पण आता "येते" असं लिहू नकोस. तुझ्या पाया पडते, लिहू नकोस. तू लिहिलंस आणि मी तुझ्या पलंगावरची चादर पुन्हा झटकून ताठ केली. मार्सिलिया नवी कोंबडी देत होती, तर मी चटकन म्हटलं, हिला ईस्टरपर्यंत खाऊ घालते. मग माझं मलाच कळलं मी काय करते आहे ते. या घरात एक बाई तुझी वाट बघता बघता गेली. आता घरात मी एकटी आहे, आणि मला जगायचं आहे.

म्हणून तू सांगितलेलं ऐकलं नाही. चादर धुतली आणि त्याच पलंगावर झोपते. त्या कोंबडीचं कालवण रविवारी केलं, मार्सिलियाला आणि गेर्दाला बोलावलं. ट्रंक उघडली आणि आईच्या वड्या काढून कापल्या. अर्ध्या शेजारी वाटल्या, अर्ध्या हंड्याजवळ ठेवल्या. जेवायच्या आधी आम्ही तिघींनी तिथेच हात धुतले.

चांगला फेस येतो गं, ताई.

आनेलिया